गुमास्त्याचा कागद

मुंबईत दुकान थाटायचे म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो ‘आधी गुमास्ता काढून घ्या’ हा. पुण्याकडे याच कागदाला ‘शॉप ॲक्ट’ म्हणतात. गल्ल्यामागच्या भिंतीवर, लक्ष्मी-गणपतीच्या तसबिरीशेजारी तो चौकटीत बसवून टांगलेला असतो. मालक त्याला ‘लायसन’ म्हणतो. कायद्याच्या लेखी मात्र तो परवाना कधीच नव्हता. ती फक्त नोंदणी होती. आणि गुमास्ता म्हणजे मालक नव्हे. गुमास्ता म्हणजे पेढीवरचा कारकून, मालकाच्या वतीने देवघेव पाहणारा नोकर.

नोकराच्या नावाने ओळखला जाणारा कागद मालकाच्या धंद्याची सनद कसा झाला, या प्रश्नामागे मी बरेच दिवस होतो. जुने आणि नवे कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा या एका कागदामागे सुमारे एकशे ऐंशी वर्षांची हकिगत दिसली. छोट्या धंद्यावरचा सरकारी जाच कमी करण्याचे मोठे प्रयत्न या काळात एकाहून अधिक वेळा झाले. ‘व्यवसाय सुलभता’ हा शब्द अलीकडचा आहे. ती खटपट मात्र जुनी आहे. प्रत्येक वेळी ओझे कोणाच्या तरी डोक्यावरून उतरले. ते नंतर कुठे गेले, हे पाहण्यासाठी हा लेख.

मोहतर्फा आणि मीठ

पेशवाईत धंद्यावरच्या कराचे नाव होते मोहतर्फा. शेतकऱ्याकडून जमिनीचा सारा, तसा कारागीर आणि दुकानदार यांच्याकडून मोहतर्फा. कुठे तो विणकराच्या मागावर बसे, कुठे तेल्याच्या घाण्यावर, कुठे वाण्याच्या दुकानावर. एकच दर सगळीकडे नसे. गावाची रीत, पेठेची भरभराट, जातीचा धंदा आणि वसूल करणाऱ्याची मर्जी यांवर तो ठरे. पेठेत शेटे आणि महाजन हे वतनदार असत. व्यापारी आणून वसवणे, बाजार चालवणे, कर गोळा करणे आणि हिशेब ठेवणे ही त्यांची कामे. त्यांना त्या बदल्यात हक्क मिळत.

म्हणजे तेव्हाही धंद्याची सुरुवात परवानगीनेच होई. पण सवलतीची कल्पनाही तेव्हा होती. नवी पेठ वसवायची असली की सरकार कौल देई, आणि येऊन राहणाऱ्या उदमी लोकांना काही वर्षे जकात, मोहतर्फा माफ होई. आजच्या भाषेत ही करसवलत झाली. पुण्याच्या पेठा अशा कौलांवर वाढल्या. कौल हा करार होता. दुकानदाराला त्यात किती वर्षे काही द्यायचे नाही आणि नंतर काय द्यायचे हे आधी कळे. आजचा लहान धंदेवाला सर्वांत जास्त कशाला कावलेला असतो, तर नेमके किती आणि कोणाला द्यायचे हे न कळण्याला. या एका बाबतीत कौल बरा होता.

कंपनी सरकारने पेशवाई बुडवली, पण मोहतर्फा तसाच ठेवला. गुजरातेतला कसबवेरा, देशावरचा मोहतर्फा, बलुत्यांवरचे कर, शहरांच्या वेशीवरच्या जकाती असे नाना नावांचे कर मुंबई इलाख्यात चालू होते. वसुलीचा खर्च आणि कटकट मोठी, उत्पन्न त्या मानाने थोडे. शेवटी १८४४ चा १९ वा कायदा आला आणि शहरजकाती, कसबवेरे, मोहतर्फे, बलुत्यांवरचे कर आणि धंद्यांवरच्या साऱ्या पट्ट्या, मग त्यांचे नाव काहीही असो, मुंबई इलाख्यात एका फटक्यात रद्द झाल्या. मद्रास इलाख्यात मोहतर्फा पुढेही चालू राहिला. १८५२ मध्ये मद्रास नेटिव्ह असोसिएशनने पार्लमेंटला पाठवलेल्या अर्जात त्याबद्दलची तक्रार आहे. मुंबईचा कायदा त्या मानाने फार पुढचा. चांभार, कोष्टी, तेली, शिंपी यांच्या दारातून कर मागणारा माणूस एका कायद्याने नाहीसा झाला. आपल्या भागातले धंद्याचे हे पहिले मोठे सुलभीकरण.

पण तिजोरीतला खड्डा भरायचा कशाने? सरकारने मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला. ऑगस्ट १८४४ मध्ये सुरतेत लोक रस्त्यावर आले, दंगा झाला आणि सरकारला वाढ कमी करावी लागली. वाढ कमी झाली तरी हिशेबाची दिशा तीच राहिली. दुकानदाराच्या डोक्यावरचे ओझे मीठ खाणाऱ्या प्रत्येकाच्या भाकरीवर गेले, आणि मीठ तर शेतमजूरही खातो. कारागिराच्या दारातला कर डोळ्यांना दिसत होता, त्याच्याशी भांडता येत होते. मिठातला कर विरघळून गेला.

लायसन टॅक्स

पुढे तीस-पस्तीस वर्षांनी धंद्यावरचा कर दुसऱ्या नावाने परत आला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन उजाड झाले. पुढच्या दुष्काळासाठी वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला काढायचे असे हिंदुस्थान सरकारने ठरवले, आणि त्यासाठी व्यापारी व कारागीर यांच्यावर लायसन टॅक्स बसवला. मुंबई इलाख्याचा त्यासाठीचा कायदा १८७८ चा. नाव परवान्याचे, काम कराचे. धंदा योग्य आहे का, जागा सुरक्षित आहे का, याच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते. पैसे भरा आणि कागद घ्या.

याही वेळी सुरत पेटली. एप्रिल १८७८ मध्ये तिथे दुकाने बंद झाली, दंगल उसळली आणि गोळीबार झाला. विरोधकांचा एक मुद्दा बिनतोड होता. छोटा दुकानदार कर भरतो, आणि बड्या पगाराचा सरकारी अंमलदार व भरपूर कमावणारा वकील मात्र त्यातून सुटतो, हा कुठला न्याय? १८८० मध्ये वर्षाला पाचशे रुपयांपेक्षा कमी मिळवणाऱ्यांना सूट मिळाली. मग १८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने पगारदार आणि व्यावसायिक यांनाही करात ओढले आणि वेगळा लायसन टॅक्स संपवला. माझ्या मते या साऱ्या हकिगतीतले हे सर्वांत शहाणपणाचे सुलभीकरण. इथे लहानाचे ओझे उतरले, आणि आजवर सुटलेल्या मोठ्याच्या खांद्यावर ते ठेवले गेले.

दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, मुंबई महापालिकेचा कायदा झाला. त्याच्या ३९४ व्या कलमाने काही ठरावीक माल साठवायला आणि काही ठरावीक धंदे करायला महापालिकेचा परवाना लागू केला. पेट घेणारा माल, भट्ट्या, शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे धंदे. हा खरा परवाना. इथे अधिकारी नाही म्हणू शकतो, आणि त्यामागे कारण आहे: शेजारचे घर जळू नये, वस्तीत रोग पसरू नये. कर आणि परवाना या दोन गोष्टी इथे निदान कागदावर तरी वेगळ्या झाल्या.

दुकानातला माणूस

तिसरी गोष्ट राहिली होती, ती म्हणजे दुकानात राबणारा माणूस. गिरणी कामगारासाठी कारखान्यांचा कायदा १८८१ पासून होता. पेढीवरच्या कारकुनाला, कापडाच्या दुकानातल्या विक्रेत्याला, खाणावळीतल्या पोऱ्याला कोणताच कायदा नव्हता. दुकान उघडते तेव्हा यायचे आणि मिटते तेव्हा जायचे, हीच कामाची वेळ. पुष्कळ ठिकाणी राहणे-झोपणेही दुकानातच.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात आले. मजूर खात्याचे काम पाहायला संसदीय सचिव म्हणून गुलझारीलाल नंदा होते. या मंत्रिमंडळाच्या काळात १९३९ मध्ये मुंबईचा दुकाने व आस्थापना कायदा झाला. भारतातला या प्रकारचा हा पहिला कायदा. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये त्याची जागा अधिक विस्तृत कायद्याने घेतली आणि तो पुढे जवळजवळ सत्तर वर्षे टिकला. गुजराती बोलणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्याला ‘गुमास्ता धारा’ म्हटले, म्हणजे गुमास्त्यांचा कायदा. ते नाव अगदी नेमके होते.

गुमास्ता या शब्दाचाही प्रवास पाहण्यासारखा आहे. अठराव्या शतकात बंगालमध्ये कंपनीचा गुमास्ता म्हणजे विणकरांना धाकात ठेवून माल उचलणारा माणूस. त्याची दहशत होती. विसाव्या शतकातल्या मुंबईत तोच शब्द दिवाणजी, मेहताजी यांच्या पंगतीत बसलेल्या, वह्या लिहिणाऱ्या पगारी माणसाचा झाला. १९४८ चा कायदा या माणसासाठी होता. दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा. सलग पाच तास काम झाल्यावर एक तासाची विश्रांती. आठवड्याची सुट्टी. भरपगारी रजा. वर्षभर नोकरी झालेल्याला काढायचे तर तीस दिवसांची नोटीस.

नोंदणी ही या सगळ्याची फक्त पहिली पायरी होती. दुकान कुठे आहे, मालक कोण, नोकर किती, हे सरकारला माहीत नसेल तर निरीक्षक तपासणार काय? म्हणून मालकाने माहिती आणि फी द्यायची, निरीक्षकाने ती बरोबर असल्याची खात्री करून दाखला द्यायचा आणि तो दुकानात दिसेल असा लावायचा. धंदा करू द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार या कायद्याने निरीक्षकाला दिलेला नव्हता.

या कायद्याचे आणखी एक वैशिष्ट्य फारसे कोणी ध्यानात घेत नाही. आपले बहुतेक कामगार कायदे ठरावीक आकड्यापासून सुरू होतात. पूर्वी वीज वापरणारा कारखाना असेल तर दहा कामगार, भविष्यनिर्वाह निधीला वीस. ज्या बोनसची दिवाळीत वाट पाहिली जाते, त्याचा १९६५ चा कायदाही सर्वसाधारणपणे विसापासून लागू होई. गुमास्ता कायद्याला असा उंबरठा नव्हता. किमान वेतनाचा कायदा बाजूला ठेवला, तर एकाच नोकराच्या दुकानातही पाऊल टाकणारा, त्या नोकराच्या वेळेची आणि सुट्टीची चौकशी करणारा कायदा जवळजवळ हा एकच.

दाखल्याचे लायसन

मग त्याचे लायसन कसे झाले? दोन वाटांनी झाले. एक वाट बँकेची. चालू खाते उघडायचे तर धंदा अस्तित्वात आहे याचा पुरावा हवा, आणि छोट्या एकट्या मालकाकडे सरकारी शिक्क्याचा दुसरा कागद नसे. धंदेवाल्याची ओळख पटवण्यासाठी जी कागदपत्रे चालतात, त्यांत हा दाखला बसला. जागेसाठी, कर्जासाठी, निविदेसाठीही तोच पुढे केला जाऊ लागला. नोकर नसलेले लोकही गुमास्ता काढू लागले.

दुसरी वाट तपासणीची. कायद्यात कलमे भरपूर, नोंदवह्या भरपूर, आणि शंभर टक्के पाळणारे दुकान विरळा. त्यामुळे निरीक्षकाची फेरी म्हणजे काहीतरी सापडणारच. निरीक्षक येतोय अशी कुणकुण लागली की दुकानातल्या पोऱ्याला मागच्या दाराने पिटाळायचे, हजेरीवही घाईने भरायची आणि चहा मागवायचा, ही बाजारपेठेतली नेहमीची चित्रे. नूतनीकरणाची तारीख चुकली की दंड. दंड नको तर मध्यस्थ. नोकराचे नाव घेऊन आलेला कायदा मालकाला हप्त्यासारखा वाटू लागला, आणि नोकराला त्यातून सुट्टी मिळालीच असेही नाही. हा जाच खरा होता, हे मान्य केल्याशिवाय पुढची हकिगत नीट कळणार नाही.

अशा जाचाची मोजदाद जगात गाजली ती पेरू देशात. एर्नांदो द सोतो या अर्थतज्ज्ञाच्या संस्थेने १९८३ मध्ये लिमा शहरात एक प्रयोग केला. कपडे शिवण्याची छोटी कार्यशाळा कायदेशीरपणे सुरू करायची, ओळख लावायची नाही, लाच द्यायची नाही. सगळ्या परवानग्या मिळायला २८९ दिवस लागले. दहा वेळा लाच मागितली गेली. दोनदा ती दिल्याशिवाय काम पुढे सरकेना. एकूण खर्च किमान मासिक वेतनाच्या बत्तीस पट. शहरातले लाखो लोक बेकायदा धंदा करतात ते हौसेने नव्हे, कायदेशीर होणे परवडत नाही म्हणून, हे त्याने आकड्यांनी दाखवले. १९८६ मध्ये त्याचे पुस्तक आले आणि दिवस मोजण्याची ही पद्धत पुढे जागतिक बँकेने उचलली.

बँकेचा व्यवसाय सुलभतेचा अहवाल २००३ पासून निघू लागला. भारताचा क्रमांक ठरे तो फक्त मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरून, आणि धंदा सुरू करण्याच्या पायऱ्यांत मुंबईच्या दुकाने-आस्थापना नोंदणीचीही गणना होई. म्हणजे आपला हा गुमास्ता थेट देशाच्या क्रमवारीत जाऊन बसला होता. २०१४ मध्ये भारत १४२ व्या क्रमांकावर होता, २०१९ च्या अहवालात ६३ व्या. आकड्यांत फेरफार झाल्याचे उघड झाल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला. धंदा सुरू करण्याच्या या मोजणीत गृहीत धरलेली नमुना कंपनी दहा ते पन्नास माणसांची होती. कोपऱ्यावरचे किराणा दुकान, दोन माणसांचे सलून, झेरॉक्सची टपरी त्यात नव्हती. दिवस मोजले ते मालकाचे. नोकराचे तास मोजायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

दहाचा उंबरठा

महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यात चांगले पुष्कळ आहे. अर्ज ऑनलाइन आला. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते, मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यायची. स्त्रियांना संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर रात्री काम करता येते. निरीक्षक हे पदनाम जाऊन ‘सुविधाकार’ आले.

आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून मुक्त केले. त्यांनी फक्त सूचना द्यायची. तिची पावती मिळते. नूतनीकरण नाही, फेरी नाही. बाजारात त्या पावतीलाही लोक गुमास्ताच म्हणतात. छोट्या दुकानदाराला हायसे वाटले, ते योग्यच होते.

पण नोंदणीबरोबर आणखी काय गेले ते पाहा. कामाच्या तासांची मर्यादा, साप्ताहिक सुट्टी, भरपगारी रजा ही नव्या कायद्याची कलमे २०१७ मध्ये दहा आणि त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच लागू झाली. सहाव्या आर्थिक गणनेत, २०१३-१४ साली, देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना आणि त्यांत १३ कोटींहून थोडे अधिक माणसे होती. सरासरी काढली तर एका ठिकाणी सव्वादोन. सत्तर टक्क्यांहून अधिक ठिकाणी पगारी माणूसच नव्हता. जिथे होता, तिथेही बहुधा दोन, तीन, चार. हा गुमास्ताच गुमास्ता कायद्याबाहेर गेला. मालकाचा फॉर्म रद्द करताना नोकराची सुट्टीही त्याच फॉर्मला चिकटून गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा उंबरठा दहावरून वीस करण्याचा आणि रोजचे तास नवावरून दहा करण्याचा प्रस्ताव मंजूर केला. उंबरठा एकदा घातला की तो वर सरकत जातो.

छोट्या दुकानापर्यंत सरकारला पोहोचताच येत नाही, म्हणून हे केले, असे म्हणावे तर २०२२ ची दुरुस्ती समोर आहे. तिने याच कायद्यात नवे कलम घालून मराठी देवनागरी पाट्यांची सक्ती दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लावली. पाटी मराठीत हवी, याबद्दल माझे दुमत नाही. पण पाटीसाठी जो कायदा पानाच्या गादीपर्यंत जाऊ शकतो, तो तिथल्या पोऱ्याच्या रविवारच्या सुट्टीसाठी का जाऊ शकत नाही?

पदपथावरचा

या सुलभीकरणाच्या टोकाला आणखी एक माणूस उभा आहे. त्याच्याकडे दुकानच नाही. मुंबई महापालिकेने १९७८ नंतर फेरीवाल्यांना नवे परवाने देणे थांबवले. परवानाधारक पंधरा हजारांच्या आसपास, आणि शहरात फेरीवाले त्याच्या कितीतरी पट. परवाना नसलेल्यांकडून महापालिका काही काळ रोज कचरा उचलण्याचे पैसे घेऊन पावती देई. ‘पावती’ हीच त्यांची सनद. पैसे घेताना माणूस दिसे, परवाना मागताना दिसेनासा होई. १९८५ मध्ये फेरीवाला संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेरीवाला क्षेत्रे आखण्याचा मार्ग घालून दिला. २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आला. त्याने सर्वेक्षण, नगर पथविक्री समिती आणि सर्वेक्षणाआधी कोणाला हटवायचे नाही ही हमी दिली. कायदा चांगला, अंमल कसा, ते स्टेशनबाहेर पालिकेची गाडी आली की होणाऱ्या पळापळीतून दिसते. दुकान घेऊ शकणाऱ्याला आपण फॉर्म सोपा करून दिला. ज्याला फॉर्मच मिळत नाही, त्याच्यासाठी सोपे काय केले?

कोणासाठी?

धंद्याच्या कागदामागे तीन वेगळी कामे असतात: तिजोरी भरणे, शेजाऱ्याला आगीपासून आणि रोगापासून वाचवणे, आणि नोकराची वेळ सांभाळणे. लोकांना त्रास होतो तो ही तिन्ही कामे एका गाठोड्यात बांधून एकाच खिडकीवर, एकाच माणसाच्या मर्जीवर ठेवली जातात तेव्हा. गाठोडे सोडवावे, हे बरोबरच आहे. १८८६ ने ते एका अंगाने सोडवले. १८४४ ने आणि २०१७ ने मात्र गाठोडे उचलून खिडकीपाशी नसलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवले.

प्रत्येक ओळ खोडण्याआधी ‘ही कोणासाठी लिहिली होती’ एवढे विचारायला काही खर्च येत नाही. ती कारकुनाच्या सोयीसाठी असेल तर खुशाल खोडावी. नूतनीकरण, चार प्रतींतल्या नोंदवह्या, फेऱ्या जाव्यात. पण कामाचे तास, एक दिवसाची सुट्टी आणि काढण्याआधीची नोटीस या तीन ओळींना फॉर्म लागत नाही, निरीक्षकाची फेरीही लागत नाही. कायद्यात त्या एका नोकराच्या दुकानालाही लागू आहेत एवढे लिहून, सूचनेच्या त्याच पावतीवर मराठीत छापल्या तरी पुरेल. ती पावती भिंतीवर लागेल, आणि ज्याचे नाव त्या कागदाला मिळाले त्याला ती गल्ल्याच्या पलीकडून वाचता येईल.

येत्या लक्ष्मीपूजनाला बाजारपेठेत गेलात तर वह्यांची पूजा मांडणाऱ्या, फुलांची माळ बांधणाऱ्या, गिऱ्हाइकाला पेढा देणाऱ्या हातांकडे पाहा. पुष्कळ दुकानांत ते हात मालकाचे नसतात. त्या घरी दिवाळी किती वाजता सुरू होते, हे ठरवणारा कायदा आपण १९३९ मध्ये केला होता, देशात सर्वांच्या आधी.